ओपनजीएलवर (संगणकावर चित्रे रेखाटण्याच्या प्रमाणित आज्ञासंचावर) आधारलेली जुनी मुक्तस्रोत ग्राफिक्स लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) आता निवृत्त करावी का?

होय, करावी, मात्र रेपॉझिटरी, म्हणजे तिचा कोड ठेवलेली जागा, पुसून टाकू नये. जीएलबिगिन आणि जीएलएंड या दोन आज्ञांच्या मध्ये आकृतीचा एकेक शिरोबिंदू पाठवण्याची पद्धत २००८ मध्ये ओपनजीएल ३.० ने कालबाह्य ठरवली, आणि २०१८ मध्ये ॲपलने मॅकओएसवर ओपनजीएलच कालबाह्य घोषित केले. अशी लायब्ररी व्हल्कन या ओपनजीएलनंतरच्या नव्या आज्ञासंचावर नेणे म्हणजे जवळजवळ नव्याने लिहिणे होय, कारण मेमरीचे वाटप आणि जीपीयूशी (ग्राफिक्स प्रोसेसरशी) समन्वय ही एरवी ड्रायव्हर सांभाळत असलेली कामे तिथे प्रोग्रामरच्या अंगावर येतात. शेवटची आवृत्ती आजच्या कंपायलरवर (कोडचे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणाऱ्या साधनावर) बिल्ड होते याची खात्री करावी, रीडमी या माहितीच्या फाइलच्या पहिल्याच ओळीत देखभाल थांबल्याचे सांगून पर्याय सुचवावा आणि मगच रेपॉझिटरी केवळ वाचनापुरती ठेवावी. परवान्याची फाइल मात्र जागेवरच राहू द्यावी, म्हणजे ज्यांचे प्रोग्राम अजूनही तिच्यावर चालतात त्यांना फोर्क करून, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत काढून, काम निर्धास्तपणे पुढे नेता येईल.