रडत नाहीत, मग डिप्रेशन कसं?

प्रश्न: माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत. गेले दोनेक महिने त्यांचं काहीतरी बिनसलंय हे नक्की. पहाटे चारला जाग येते आणि मग नुसते छताकडे बघत पडून राहतात. छोट्या छोट्या गोष्टींवरून मुलांवर खेकसतात, बॅडमिंटन बंद केलंय, मित्रांचे फोन उचलत नाहीत. रात्री झोपायच्या आधी ऑफिसला पाठवलेला मेल परत परत उघडून वाचतात, काही चुकलं तर नाही ना म्हणून. पाठ आणि डोकं सतत दुखतं, तपासण्यांत काहीच निघालं नाही. ऑफिसला मात्र रोज जातात, चारचौघांत हसून बोलतात. मी डिप्रेशनचा विषय काढला तर म्हणाले, "मी काय रडत बसतो का?" सासूबाई म्हणतात वयाप्रमाणे होतं असं. मी उगाच पराचा कावळा करतेय का?

उत्तर: अजिबात नाही ताई. रडणं हे डिप्रेशनचं एक लक्षण आहे, पण ते असलंच पाहिजे असं काही नाही. पुरुषांमध्ये तर बऱ्याचदा उदासीपेक्षा चिडचिडच जास्त दिसते, नाहीतर अंगदुखी, थकवा, दारू वाढणं असं काहीतरी, आणि घरच्यांना वाटतं की स्वभावच बदलला. तुम्ही लिहिलंय त्यातल्या दोन गोष्टींपाशी मी थांबले. एक म्हणजे पहाटेची जाग. कामाच्या टेन्शनने झोप लागायला वेळ लागतो हे आपण सगळेच अनुभवतो, पण नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी जाग येऊन परत झोपच न लागणं आणि सकाळीच सगळ्यात जास्त जड वाटणं हे डिप्रेशनमध्ये खूपदा दिसतं. दुसरं म्हणजे बॅडमिंटन. जे मनापासून आवडायचं त्यातली गोडीच जाणं हे उदासीइतकंच मुख्य लक्षण आहे, म्हणजे माणूस "मी उदास नाहीये" म्हणाला तरी ते धरावंच लागतं. उदासी किंवा ही गोडी जाणं यांपैकी एक आणि जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला दोष देणं अशा तक्रारी दोन आठवडे किंवा जास्त टिकल्या की डॉक्टर डिप्रेशनचा विचार करतात, तुमच्याकडे तर दोन महिने झालेत.

मेल परत परत तपासणं मला जास्त अँक्झायटीकडचं वाटतं, आणि ही दोन्ही एकत्र असणं अगदी कॉमन आहे. छातीत धडधड, सतत ताठलेले खांदे, पोट बिघडणं, "काहीतरी वाईट होणार" ही धास्ती, असंही आहे का ते बघा. ऑफिसला जातात, हसतात म्हणून सगळं ठीक असेल असं मात्र धरू नका, दिवसभर ते हसू टिकवण्यातच माणसाची सगळी ताकद जाते आणि घरी आल्यावर उरते ती चिडचिड.

वय झालं म्हणून असं होत नाही, हे सासूबाईंना माझ्या वतीने सांगा.

आता करायचं काय, तर आधी फॅमिली डॉक्टर. झालेल्या तपासण्यांत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ होतं का बघा कारण त्यांच्या गडबडीतही असंच दिसू शकतं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर पुढे नीट तपासणी हवी, पण तेवढ्यावरून निदान ठरवायचं नाही. "तुम्हाला डिप्रेशन आहे" असं म्हणून विषय काढू नका, ते परत अंगावर येतील. "तुमची झोप होत नाहीये, मला काळजी वाटते, आपण दोघं जाऊन येऊ" एवढंच म्हणा. गोळ्या सुरू झाल्या तर फरक दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आठ दिवसांत काही नाही झालं म्हणून स्वतःच बंद करू नका.

आणि एक प्रश्न त्यांना शांतपणे, सरळ विचारा: "जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं, किंवा ते निरवानिरवीची भाषा करत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ नाहीतर जवळच्या हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग गाठा, तोपर्यंत त्यांना एकटं सोडू नका आणि घरातल्या गोळ्या-औषधं तुमच्या ताब्यात ठेवा.