धातूच्या पुड्या आणि बाबांकडचं एटीएम कार्ड

तुमची पोस्ट वाचून दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. वय ३२, नोकरी चांगली, राहायला आईवडिलांकडे, आजवर कुणाचा हातही धरलेला नाही, चार महिन्यांवर लग्न. आणि प्रश्न हा, की होणाऱ्या बायकोला सांगू का, की आधी गुपचूप कुठे 'इलाज' करून घेऊ. २०१३ सालचा मीच!

शरीरशास्त्र, निरोध वगैरे ठाऊक असेलच, त्यात जात नाही. त्या 'इलाजा'चं मात्र सांगतो.

लग्नानंतर दोन महिने आमचं काहीच जमलं नाही. एसटी स्टँडच्या मुतारीत पत्रकं चिकटवलेली असतात ना, तसल्याच एका 'गुप्तरोग तज्ज्ञा'कडे बायकोला न सांगता गेलो. भिंतीवर पदवी नाही, तपासणी नाही. नाडी धरली आणि म्हणाला, "धातू पातळ झालाय. लहानपणीच्या सवयी." धातू म्हणजे वीर्य. दर पंधरा दिवसांनी पुड्या, साडेचार हजार रुपये, पावती मागायची सोय नाही. सात महिने गेलो. त्रेसष्ट हजार! असल्या जाहिरातींवर १९५४च्या कायद्याने बंदी आहे, हे नंतर कळलं. वीर्य गेलं की माणूस खंगतो या धास्तीला डॉ. विग यांनी १९६० मध्येच 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं होतं, तेही नंतरच.

पण पैसे गेले त्याचं एवढं नाही. माझं एटीएम कार्ड बाबांकडे असायचं. पहिल्या पगारापासूनची पद्धत, मलाही त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. त्यामुळे दर पंधरवड्याला नवं कारण: गाडीचं काम, ऑफिसातली भिशी, मित्राच्या बहिणीचं लग्न. तेहतिसाव्या वर्षी! थापांची इतकी सवय झाली की बायकोलाही तेच, "ऑफिसचं टेन्शन आहे." ती समजून बसली की मला ती पसंतच नव्हती, घरच्यांनी गळ्यात मारली. हे तिने सात महिन्यांनी सांगितलं, तेही तोंडावर उशी दाबून रडत, कारण पातळ भिंतीपलीकडे आई झोपलेली.

तुम्ही लिहिलंय, 'मुलींचं बरं असतं, त्यांना काही येत असावं अशी अपेक्षाच नसते.' इथे मी भांडणार. आपल्याला येत नाही म्हणून मित्र हसतात. तिला येतं अशी नुसती शंका आली तरी ठरलेलं लग्न मोडतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्या संबंधाचं मध्यक वय बायकांचं १९च्या आसपास आहे, पुरुषांचं २४च्या. तो फरक मुख्यतः मुलींची लग्नं लवकर लावण्याचा आहे, त्यात तिची हौस कुठे आली? आमच्याकडे 'गोड बातमी कधी?' हे तिलाच विचारलं जायचं. नवस तिचे, सोनोग्राफी तिची. एकाही मावशीने माझ्याकडे मान वळवली नाही, आणि मी पुड्या खात गप्प बसलो. पुड्यांबद्दल हसू येतं, याबद्दल अजून लाज वाटते.

शेवटी खरा डॉक्टर तिनेच शोधला, मानसोपचारतज्ज्ञ. आम्हाला दोघांना समोर बसवून पाऊण तास बोलले. तिला व्हजायनिस्मस होता, म्हणजे भीतीने तिथले स्नायू आपोआप आवळले जात. आपल्यातच खोट आहे असं समजून तीही लपवत होती. पहिला उपाय काय, तर महिनाभर संबंध करायचाच नाही, फक्त एकमेकांना स्पर्श. परीक्षाच रद्द झाल्यावर माझंही हळूहळू जमायला लागलं.

मी डॉक्टर नाही, ही आमची कथा. कुणाला मधुमेह असतो, कुणाला बीपीच्या गोळ्यांचा त्रास, तेव्हा अडचण आलीच तर नीट तपासून घ्या. आणि जाता जाता: निरोधसोबत खोबरेल तेल वापरू नका, रबर कमजोर होतं. मित्र हे कधी सांगत नाहीत.

तर होय, तिला आत्ताच सांगा, लग्नाआधी. पण त्याहीआधी तुमचा पगार स्वतःच्या ताब्यात घ्या आणि दाराला आतून कडी असलेली खोली बघा, भाड्याची का होईना. आईवडिलांना सोडायला सांगतोय म्हणून इथे काही जण तुटून पडतील, पडू देत. आम्ही दोन गल्ल्या सोडून राहतो, रविवारी आईचा डबा येतो. महिन्याला शिल्लक किती पडते हे बाबा अजून विचारतात. मी सांगत नाही.