बॉय नव्हे, बोया

प्रश्न: रत्नागिरीच्या समुद्रात लाटा मोजणारा 'वेव्हरायडर बॉय' आहे, असं वाचलं. या 'बॉय'ला मराठीत काय म्हणावं? 'तरंगक' की 'लाटमापक'?

बातमीदारांनो, समुद्रात कुणाचा मुलगा सोडलेला नाही! इंग्रजी buoy, म्हणजे पाण्यात तरंगती ठेवलेली वस्तू; तिला आपला शब्द आहे बोया. जेटीवर जाळ्याला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधत बसलेल्या माणसाला विचारा, तो त्या कॅनलाही बोयाच म्हणेल. 'तरंगक' हा खारं पाणी कधी न लागलेला शब्द, तो फायलीतच राहू द्या.

बोया इंग्रजी 'बॉय'वरून आला, असं ठासून सांगणारे भेटतात. मग शेवटचा 'आ' काय आकाशातून पडला? शब्द पोर्तुगीज आहे. त्या भाषेत तो स्त्रीलिंगी. आपण आकारान्त पाहून पुल्लिंगी केला. बटाट्याचंही तेच झालं.

पण खरी मजा त्याच्याही मागे आहे. लॅटिनमध्ये 'बोइया' म्हणजे गळ्यात अडकवायची बेडी. काही व्युत्पत्तिकार बोयाचं मूळ 'खूण' अशा अर्थाच्या जर्मानिक शब्दात शोधतात. शोधोत बापडे. डच भाषेत आजही बोया आणि बेडी या दोन्हींना एकच शब्द आहे, त्याचं काय करणार? साखळीने तळाशी जखडलेली तरंगती वस्तू म्हणजे कैदीच की! आणि योगायोग बघा, हा वेव्हरायडर डचांचाच: हारलेमच्या डेटावेल कंपनीचा, 1960च्या दशकातला.

त्याची बेडी मात्र सैल असावी लागते. मीटरभरही व्यास नसलेला तो गोळा लाटेबरोबर वर-खाली होतो. आतला संवेदक उभ्या दिशेचं त्वरण टिपतो. त्याचं एकदा समाकलन (क्षणाक्षणाची बेरीज) केलं की वेग मिळतो, दुसऱ्यांदा केलं की लाटेची उंची. दोर ताठ असता तर गोळा लाटेबरोबर मोकळेपणी उठलाच नसता, म्हणून दोरात लांबलचक रबर घालतात. रबराची बेडी! लॅटिनवाल्यांना हे सुचलं नसतं.

हां, 'लाटमापक' राहिलंच. तळाशी ठेवलेलं, पाण्याच्या दाबावरून लाटा मोजणारं यंत्रही लाटमापकच. ते काही तरंगत नाही. तेव्हा 'लाटमापक बोया' म्हणा. अनेकवचन बोये. आणि 'रुपया'चं जसं 'रुपयाला' होतं, तसं 'बोया'चं 'बोयाला', 'बोय्याला' नको.