मासे नीट शिजवले की सगळं मरतं, मग एवढ्या टेस्ट कशाला?

तुम्ही विचारलंय की मासे चांगले उकळून शिजवले की जंतू मरतातच, मग फार्मवर आणि प्लांटमध्ये एवढ्या टेस्ट कशाला. मी प्रोसेसिंगमध्ये क्वालिटीचं काम करतो, नवीन आलेली पोरंपण हेच विचारतात. जंतू मरतात हो, पण मरायच्या आधी ते जे करून ठेवतात त्याचं काय?

ट्युना, बांगडा, तारली घ्या. यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, मासा गरम राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, करतात आणि मग तळा, उकळा, डबाबंद करा, ते तसंच राहतं. खाल्ल्यावर तोंड लालबुंद, अंगावर पित्त, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात मला माशाची ॲलर्जी आहे. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, हिस्टामिनची मर्यादा किलोला 200 मिलिग्रॅम आहे, पण वासावरून ती ओलांडलीय का ते कळेलच असं नाही. म्हणून सगळा खेळ बर्फाचा. आणि वरून दोन घमेली बर्फ ओतला म्हणजे मासा गार झाला असं समजू नका, मोठ्या माशात थर्मामीटरची सुई पार काट्यापर्यंत खुपसून बघा, वरची कातडी थंडगार आणि आत अजून कोमट, असं सर्रास निघतं. पोटातपण बर्फ भरावा लागतो आणि वितळलेलं पाणी निघून जायला वाट लागते.

पाळलेल्या माशांचं दुखणं वेगळं, तिथे औषधं. मासा थंड रक्ताचा, पाणी थंड असेल तर औषध अंगातून हळू उतरतं, म्हणून औषध दिल्यावर मासा काढायच्या आधी थांबायचा काळ नुसत्या दिवसांत न मोजता पाण्याचं तापमान गुणिले दिवस असा मोजतात. लेबलवर 500 डिग्री-दिवस असेल तर 20 डिग्रीच्या पाण्यात 25 दिवस, 10 डिग्रीत 50. घाईत जाळं टाकलं की औषध थेट ताटात, आणि शिजवून ते जाईल या भरवशावर कुणी राहू नये. क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकला तर सुरक्षित मर्यादाच ठरवता आली नाही, ते बऱ्याच देशांत खायच्या जनावरांना द्यायलाच बंदी आहे.

कालवं-शिंपल्यांचं तर विचारूच नका, पाणी गाळून खाणारे जीव, पाण्यात जे असेल ते पोटात साठवतात. स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवून बॅक्टेरिया बरेच निघतात, पण उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस चिवट, आणि विषारी शेवाळाचं विष तर शिजवूनही जात नाही. त्यामुळे ती ज्या पाण्यात वाढतात ते पाणीच आधी तपासावं लागतं.

तुमचं लॉजिक जंतांना मात्र लागू पडतं, ॲनिसाकिस हा माशातला जंत नीट शिजवलं की मरतो. कच्चं खायचं असेल तर युरोपचा नियम आधी उणे 20 डिग्रीला किमान 24 तास गोठवा असा आहे, तोही माशाच्या अगदी आतल्या भागाचं तापमान धरून.