चावी फिरवली की मशीन गप्प!

वाचक विचारतात, गॅरेजवाला सांगतो

प्रश्न: गोठ्यातलं शेण ओढायला सेकंड हँड स्किड स्टीअर लोडर (पुढे बकेट असलेलं, जागच्या जागी वळणारं छोटं मशीन) घेतलाय. सकाळी एका सेल्फात चालू होतो. तासभर काम करून चहाला बंद केला की संपलं, चावी फिरवली तर टक असा आवाजसुद्धा नाही, डॅशबोर्डचे लाईट मात्र झकास पेटलेले. पाऊण तास तसाच सोडला की आपोआप चालू होतो. नवी बॅटरी टाकली, सेल्फ उतरवून कार्बन, बुश सगळं नवीन भरून आणलं, फरक शून्य. वायरमन म्हणतो वायरिंग ओके आहे, सगळीकडे १२ व्होल्ट येतात, आता कंट्रोलर, म्हणजे मशीनचा कॉम्प्युटर बदला. बदलू का?
– एक दूध उत्पादक, फलटण

उत्तर: दादा, थांबा, कंट्रोलरला अजिबात हात लावू नका. बॅटरी आणि सेल्फवर खर्च करून झाला, पण तुमच्या पत्रातच लिहिलंय की टक आवाज येत नाही, म्हणजे करंट सेल्फपर्यंत पोचलाच नाही ना! टकटकटक असं भराभर वाजलं तर बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल ढिलं आहे, एकच जोरात टक वाजून गप्प झाला तर सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच), जाड केबल किंवा इंजिनाची अर्थ पट्टी बघायची, आणि काहीच वाजलं नाही तर बारीक वायरची लाईन, म्हणजे फ्यूज, चावीचा स्विच, सीटचा आणि सेफ्टी बारचा (बसल्यावर अंगापुढे खाली घ्यायचा दांडा) स्विच आणि स्टार्टर रिले, म्हणजे चावीच्या बारीक करंटवर कॉइलने कॉन्टॅक्ट ओढून सेल्फची लाईन जोडणारा स्विच. तुमचं हे तिसरं प्रकरण आहे.

आता वायरमनचे १२ व्होल्ट. तो खोटं बोलत नाहीये, पण त्याने रिले उपसून मोकळ्या सॉकेटमध्ये मीटर लावला असणार, सगळे तसंच करतात, मीही पहिली काही वर्षं तेच केलं. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे कुजलेल्या कॉन्टॅक्टमधून, एका तारेवर लटकलेल्या वायरमधूनसुद्धा तो खुशाल १२ दाखवतो. पाण्याच्या पाईपचा नळ बंद ठेवून प्रेशर बघावं तसं झालं ते, पाईप चोंदलाय का हे नळ सोडल्यावरच कळणार. म्हणून रिले जागेवर बसलेला ठेवायचा, कॉन्टॅक्टला मागून बारीक पिन लावायची, एकाने सीटवर बसून बार खाली घेऊन चावी स्टार्टला धरून ठेवायची आणि तेवढ्यात दुसऱ्याने मोजायचं. मशीन सपाट जागेवर, बकेट जमिनीला टेकलेली, आजूबाजूला पोरंटोरं नकोत, कारण मध्येच लागला तर लागला.

हे मी फोनवर सांगितलं आणि दादांनी गरम मशीनवर मोजून आकडे कळवले, म्हणून इथे देतो. बॅटरीवर १२.४, चावीच्या स्विचमधून बाहेर १२.२, सीट स्विचच्या आत जाणाऱ्या वायरवर १२.१, बाहेर येणाऱ्या वायरवर ७.७, आणि रिलेच्या ८६ नंबरच्या पिनवर ७.६. रिलेची अर्थ म्हणजे ८५ नंबर व्यवस्थित. म्हणजे जवळजवळ साडेचार व्होल्ट सीटखाली गायब! फोटो पाठवला तेव्हा सगळं कळलंच, सीटखालच्या कनेक्टरमध्ये शेणाची भुकटी, गोठा धुवायच्या प्रेशर पंपाचं पाणी, आणि दोन पिनांपैकी एक हिरवीगार, नखाने खरवडली तर पिनेचा तुकडाच हातात आला. गोठ्यातला अमोनिया तांबं आणि पितळ लवकर खातो, बांधकाम साईटच्या मशीनपेक्षा गोठ्यातल्या मशीनच्या पिना आधी जातात हे मी कायम बघतो.

मग सकाळी कसा चालू होतो, हा खरा प्रश्न. रिलेची कॉइल तांब्याची, आणि तांबं गरम झालं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, ४० अंश तापलं तर साधारण १६ टक्के. तुमचा रिले इंजिनाच्या बाजूलाच बसवलाय, त्यामुळे गार असताना रिले साडेसात व्होल्टवर कसाबसा ओढतो आणि तापला की तेवढ्याच व्होल्टवर ओढत नाही, पाऊण तासाने गार झाला की परत शहाणा. कंट्रोलरचा यात काही संबंध नाही.

पिना दोन्हीकडच्या नव्या क्रिंप करून घ्या, सीट स्विच कुजला असेल तर तोही नवा टाका, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी आत येऊ न देणारं, करंट न वाहणारं ग्रीस) भरा आणि सीटखाली पाण्याचा फवारा मारणं बंद करा. एक मात्र हात जोडून सांगतो, वायरमन म्हणेल की सीट स्विचच्या दोन वायरी पिळून डायरेक्ट करू, काय फरक पडतो, तर ते करू देऊ नका. या मशीनमध्ये चढउतार पुढून, बकेटवरून आणि दोन आर्मच्या मधून असते. इंजिन चालू, इंटरलॉक (सीट आणि बारच्या स्विचवर चालणारी सुरक्षा) मेलेला, उतरताना गुडघा लिव्हरला लागला की आर्म खाली येतो आणि माणूस आर्म आणि फ्रेमच्या मध्ये सापडतो. स्किड स्टीअरवर माणसं जातात ती बऱ्याचदा अशीच. त्याच कारणाने खाली उभं राहून सेल्फच्या टर्मिनलला स्क्रूड्रायव्हर लावून मशीन चालू करायचं नाही, ट्रॅक्टरवर केलं असेल तरी इथे नाही.

प्रश्न: साईटवर लोडरची बॅटरी बसली म्हणून ऑपरेटरने टिपरवरून जंपर लावला. सेल्फ एकदा जोरात फिरला आणि मग डिस्प्लेच गेला. आता काहीच नाही.
– साईट सुपरवायझर, हिंजवडी

उत्तर: साहेब, टिपर २४ व्होल्टचा, तुमचा लोडर १२ चा. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, आणि बॅटरी फुगलीय का बघा, फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका. मग मेन फ्यूज आणि बॅटरीजवळची फ्युजिबल लिंक (जादा करंट आला की फ्यूजसारखी जळणारी वायर) बघा, ही वायर बाहेरून धडधाकट दिसते पण ओढली तर रबरासारखी लांब होते, म्हणजे आतून जळली. नशीब असेल तर एवढ्यावर भागेल. फ्यूज बदलला आणि लगेच परत उडाला तर अल्टरनेटरचे डायोड किंवा कंट्रोलर गेलाय, अल्टरनेटरची वायर सोडवून एकदा फ्यूज टाकून बघा, टिकला तर कंट्रोलर वाचला असेल असं धरायला हरकत नाही. या नव्या मशीनवर बल्बवाला टेस्ट लॅम्प कंट्रोलरच्या पिनांना लावू नका, तिथे मीटरच. आणि पुढच्या वेळी जंपर ट्रॅक्टरवरून किंवा जीपवरून, बॅटरीवर १२ लिहिलंय हे डोळ्यांनी वाचून, शेवटचा निगेटिव्ह चिमटा बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला.

प्रश्न: पोल्ट्रीवर लोडर आहे. थंडीत सकाळी सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडत नाही, दहा-बारा वेळा मारल्यावर चालू होतं. दुपारी काही त्रास नाही. बॅटरी बदलू का?
– निफाड

उत्तर: ताई की दादा, पत्रावर नाव नाही, पण सेल्फ मस्त फिरतो असं तुम्हीच लिहिलंय मग बॅटरीच्या मागे का लागताय? सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये, निफाडच्या जानेवारीत हे ग्लो प्लगचं, म्हणजे गार इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचं काम. वरची पट्टी सोडवून प्रत्येक प्लग आणि इंजिन बॉडी यांच्यात मीटरने ओहम बघा, चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. चारातले दोन गेले असतील तर चारही बदला, उरलेले दोन काही फार टिकणार नाहीत. प्लग चांगले निघाले तर त्यांच्या रिलेकडे जा, चावी ऑन केल्यावर पट्टीवर करंट येतोय का.

आणि धूर अजिबात नसेल तर डिझेलच येत नाहीये, पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (डिझेल सोडणारा-अडवणारा चुंबकी खटका) ओढतोय का ते हात लावून बघा, चावी ऑन केली की बोटाला ठोका जाणवला पाहिजे. गावात स्टार्टिंग स्प्रे मारायची फार सवय आहे, तापलेल्या ग्लो प्लगवर तो मारला तर इनटेकमध्येच भडका होतो, एका पोल्ट्रीवर एअर फिल्टरचं झाकण उडून पत्र्याला लागलेलं मी स्वतः बघितलंय, कोंबड्या दोन दिवस अंड्यावर बसल्या नाहीत म्हणे.