शंका-समाधान : कार्यालयातील सामायिक डेटाबेस पुन्हा पुन्हा का बिघडतो?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेल आणि चादरींचा कारखाना आहे. सुताचा साठा, मागांवरचे उत्पादन आणि व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी यांची नोंद आम्ही मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एकाच फाइलमध्ये ठेवतो. कार्यालयातील एका संगणकावरच्या सामायिक फोल्डरमधून सात जण ती फाइल उघडून काम करतात. त्यांपैकी हिशेबनीसांचा लॅपटॉप वाय-फायवर आहे. गेले चार महिने दर आठ-पंधरा दिवसांनी ‘फाइलचे स्वरूप ओळखता येत नाही’ असा संदेश येतो. ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ केले की काम सुरू होते. पण गेल्या वेळी शेऱ्याच्या रकान्यात चिनी लिपीसारखी अक्षरे दिसू लागली आणि एका ऑर्डरीच्या संपूर्ण ओळीत ‘डिलीटेड’ असे उमटले. फाइल असलेल्या संगणकाला यूपीएस आहे, व्हायरसची तपासणीही झाली आहे. दोष कोठे शोधावा?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : फाइल बिघडते यापेक्षा ती दर वेळी थेट ‘रिपेअर’ केली जाते, याची मला अधिक काळजी वाटते. ही सोय फाइलमधील जे वाचता येईल तेवढे नव्या फाइलमध्ये उतरवते आणि जे वाचता येत नाही ते प्रसंगी मागेच सोडते. म्हणून यापुढे बिघाड झाला, तर आधी सर्वांना बाहेर पडण्यास सांगावे, बिघडलेल्या फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि मगच दुरुस्तीला हात लावावा.

आता कारणाकडे वळू. ॲक्सेसमध्ये सर्वांच्या वतीने लिहिणारा मध्यवर्ती प्रोग्राम नसतो. सातही संगणकांवर ॲक्सेसचे स्वतंत्र इंजिन चालते आणि प्रत्येक इंजिन नेटवर्कवरून त्याच फाइलची 4 केबी आकाराची पाने, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, वाचते व लिहिते. सात दिवाणजी एकाच खतावणीत लिहीत आहेत आणि त्यांतील एक जण अर्धी नोंद टाकून उठून गेला, तर जे होईल तेच येथे होते. एक ऑर्डर जतन करताना मूळ ओळीचे पान, अनुक्रमणिकेचे पान आणि मोठ्या मजकुराचे पान अशी अनेक पाने बदलू शकतात. त्यांतील काही लिहून झाली आणि नेमका तेव्हाच संपर्क तुटला, तर पानांचा एकमेकांशी मेळ राहत नाही. लांबलचक शेरा बहुधा वेगळ्या पानावर असतो आणि ओळीत केवळ त्याचा पत्ता असतो. हा पत्ता चुकला की भलत्याच जागेचे बाइट अक्षरे म्हणून वाचले जातात. आपल्याला दिसलेली ‘चिनी’ अक्षरे बहुधा अशीच आली असावीत.

म्हणजे शोधायचा आहे तो मध्येच तुटणारा दुवा. यूपीएस मुख्य संगणकाला आहे, हे ठीक; पण नेटवर्कच्या स्विचला, म्हणजे सर्व संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला, वीज कोठून मिळते? वीज क्षणभर गेली तरी संगणक यूपीएसवर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतात, त्यामुळे कोणाला काही जाणवत नाही. मात्र साध्या सॉकेटवरचा स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि सातही दुवे एकदम तुटतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात, त्यातही सुताची बारीक धूळ बसलेला स्विच तापून अधूनमधून अडखळण्याचीही शक्यता असते, तेव्हा तो उघडून स्वच्छ करून घ्यावा.

दुसरा संशयित हिशेबनीसांचा लॅपटॉप. वाय-फायवर क्षणभराचा खंड पडला तर संकेतस्थळ थोडे थांबून उघडते. ॲक्सेसच्या फाइलला तेवढा खंडही महाग पडू शकतो. त्या लॅपटॉपला केबल जोडावी आणि सर्व संगणकांच्या नेटवर्क कार्डावरील वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून टाकावी.

संशय पक्का करण्याचे साधन आपल्या फोल्डरमध्येच आहे. फाइल उघडी असताना तिच्याच नावाची, ‘एलएसीसीडीबी’ विस्ताराची एक छोटी फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती नाहीशी होते. सगळे बाहेर पडूनही ती उरली, तर कोणाचे तरी काम नीट बंद झालेले नाही किंवा कोणाला तरी त्या फोल्डरमधील फाइल पुसण्याचा अधिकार नाही. नोटपॅडमध्ये ती उघडल्यास संगणकांची नावे दिसतात. त्यात आधीच बाहेर पडलेल्यांचीही नावे असू शकतात, म्हणून एका प्रसंगावरून कोणाला दोषी धरू नये. पण प्रत्येक बिघाडाची वेळ आणि नावे वहीत लिहिली, तर चार-पाच वेळांनंतर एखादे नाव सतत येते का, हे कळेल.

फाइल असलेल्या संगणकावर विंडोज 10 ची 1803 किंवा नंतरची आवृत्ती असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. 2018 मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून सामायिक ॲक्सेस फाइली ‘विसंगत अवस्थेत’ असल्याच्या तक्रारी वाढल्या. त्यावर फाइल असलेल्या संगणकाच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदीत) फाइल-शेअरिंगचे ‘लीझिंग’, म्हणजे इतर संगणकांना फाइलचा भाग तात्पुरता स्वतःकडे ठेवू देणारी सोय, बंद करणे हा उपाय केला जातो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

बिघडलेल्या ओळीसाठी नवी कोरी फाइल घेऊन तीत ऑर्डरींच्या तक्त्याची आधी फक्त रचना आणावी. मग ॲपेंड क्वेरीने (एका तक्त्यातील निवडक नोंदी दुसऱ्यात भरणाऱ्या आज्ञेने) त्या ओळीच्या आधीच्या क्रमांकांच्या नोंदी आणि नंतरच्या क्रमांकांच्या नोंदी अशा दोन खेपांत माहिती भरावी. मधली ऑर्डर कागदी प्रतीवरून पुन्हा टाइप करावी.

त्यानंतर डेटाबेसचे दोन भाग करावेत : तक्ते सामायिक फोल्डरमध्ये आणि फॉर्म, क्वेरी, अहवाल यांची प्रत प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर. ‘डेटाबेस स्प्लिटर’ ही सोय ॲक्सेसमध्येच आहे. सात जणांनी एकाच फाइलमधले फॉर्म उघडून काम करणे ही सवय मोडलीच पाहिजे.

प्रश्न : हीच फाइल ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवली, तर पुण्यातील भागीदारांनाही नोंदी करता येतील का?

उत्तर : नाही. या सेवा संपूर्ण फाइलच्या प्रती जुळवतात, आतल्या नोंदी नव्हेत. सोलापुरात आणि पुण्यात एकाच वेळी बदल झाले, तर दोन वेगळ्या फाइली हातात येतील. बंद केलेल्या फाइलची राखीव प्रत तेथे अवश्य ठेवावी. दोन्ही गावांतून लिहायचे असेल, तर फॉर्म आहेत तसे ठेवून तक्ते एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या मध्यवर्ती डेटाबेस प्रोग्रामच्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीत हलवावेत आणि पुण्याची जोडणी व्हीपीएनमधून (इंटरनेटवरील सुरक्षित खासगी जोडणीतून) द्यावी. ॲक्सेसच्या फाइलला 2 जीबीची मर्यादा आहे. एक्स्प्रेसच्या 2022 च्या आवृत्तीत प्रत्येक डेटाबेसला 10 जीबीपर्यंत जागा मिळते, आणि लिहिण्याचे काम सर्व्हर स्वतः करत असल्याने पुण्याची जोडणी मध्येच तुटली तरी अर्धवट नोंद मागे घेतली जाते.