वाचकांचे प्रश्न : अंग दुखत नाही, तरी मैदान नकोसे वाटते

प्रश्न : मी अमळनेर येथे क्रीडाशिक्षक आहे. माझा एक माजी विद्यार्थी नोकरीच्या निमित्ताने गेली अकरा वर्षे रग्बी खेळतो. यंदा सुटीत आला तेव्हा म्हणाला, "सर, दुखत काहीच नाही, पण चेंडू हातात घ्यावासा वाटत नाही." तो दिवसभर पडून मोबाइलवर सामने पाहतो, तरीही त्याला ताजेतवाने वाटत नाही. घरचे याला आळस म्हणतात. त्याला काय सांगावे?

उत्तर : हा आळस नव्हे, हे प्रथम घरच्यांना सांगावे. रग्बीत ८० मिनिटे क्षणाक्षणाला निर्णय घ्यावे लागतात आणि त्याशिवाय संघनिवडीची धास्ती, दुखापतीच्या काळात आपली जागा जाईल ही भीती, हे सारे वर्षानुवर्षे मनावर साचत जाते. हा शीण पायांतही उतरतो. २००९मध्ये वेल्समधील बँगोर विद्यापीठाच्या संशोधकांनी काही जणांना ९० मिनिटे डोके शिणवणारे काम देऊन मग जोरात सायकल चालवायला लावली, तेव्हा ते सरासरी ६४० सेकंदांत थकून थांबले. ताज्या मनाने तेच लोक ७५४ सेकंद टिकले होते. हृदयाच्या वा स्नायूंच्या कामात या फरकाचे कारण सापडले नाही. तेवढेच श्रम त्यांना अधिक जड वाटत होते. आपला विद्यार्थी पडून सामने पाहतो, तेव्हा त्याचे अंग विसावते, पण डोके मैदानावरच राबत असते.

न्यूझीलंडचा कर्णधार रिची मॅकॉ याने २०११चा विश्वचषक जिंकल्यानंतर, २०१३मध्ये सुमारे सहा महिने खेळ थांबवला. त्याचा संघातील सहकारी डॅन कार्टर यानेही २०१४मध्ये अशीच रजा घेतली. पुढे २०१५चा विश्वचषक जिंकताना दोघेही अंतिम सामन्यात खेळले. मला यात रजेच्या लांबीपेक्षा ती करारानुसार, आधी ठरवून मिळाली, हे अधिक मोलाचे वाटते. आपल्या खान्देशात पोळ्याला बैलाच्या मानेवर जू चढत नाही, ते बैलाने मागितले म्हणून नव्हे, तर तो दिवस आधीच ठरलेला असतो म्हणून. जागा जाण्याच्या भीतीने खेळाडूही सहसा विश्रांती मागत नाही. जागतिक रग्बी संघटनेने २०२१मध्ये सरावातील पूर्ण ताकदीच्या टकरी आठवड्याला १५ मिनिटांपर्यंतच ठेवण्याची शिफारस केली. मनावरच्या भाराला असे घड्याळ लावता येत नाही, म्हणून तिथे प्रशिक्षकानेच आधी पाऊल उचलायला हवे.

तेव्हा उरलेल्या सुटीत सामने आणि संघाचे निरोप त्याने पूर्ण बंद ठेवावेत. शेतावर जावे, मित्रांत बसावे, पहाटे ऊन चढण्याआधी फिरून यावे. शाळेच्या मुलांना चार गोष्टी शिकव, असा आग्रह आपणही धरू नये. तो मोह किती स्वाभाविक आहे, हे मी जाणतो. परतल्यावर मात्र त्याने प्रशिक्षकाशी स्पष्ट बोलून हंगामाच्या आरंभीच पुढील रजेचा काळ ठरवून घ्यावा. प्रशिक्षकाला तसे पत्र लिहायला आपण मदत केलीत तर त्याला धीर येईल.

आणखी एक गोष्ट त्याला अवश्य विचारा : डोक्याला मार लागला होता का? त्यानंतर डोकेदुखी, विसराळूपणा किंवा चिडचिड सुरू झाली असेल, तर याला थकवा समजून वाट न पाहता मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे. झोप उडाली असेल किंवा खेळाबाहेरही कशातच मन रमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेशी १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते.